आधी ताणा

आमच्या पूर्व भागात शांतता ऐकू येते ती वीज गेल्यावर. एरवी ती नसतेच. साखर पेठेपासून अशोक चौकापर्यंत, गल्लीबोळांतल्या पत्र्याच्या शेडांमधून सकाळपासून यंत्रमागांचा एकच खडखडाट चालू असतो, आणि तो इतका अंगवळणी पडलेला की त्याला कोणी आवाज म्हणत नाही. वीज जाते, माग एकामागून एक थबकतात, आणि मग कुकरची शिट्टी, शेजारच्या घरातलं तेलुगूतलं भांडण, पत्र्यावर नखं वाजवत उतरणारी चिमणी, विडीची पानं कापणाऱ्या अक्काच्या कात्रीची करकर, असं एकेक उमटायला लागतं. सोलापुरात नवा आलेला पाहुणा पहिल्या रात्री कूस बदलत राहतो. आम्हांला जाग येते ती माग बंद पडले की.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, टॉवेलच्या कारखान्यात उभी हयात मागांसमोर उभे राहिले. मागावर बोलणं अशक्यच. तिथे माणसं ओठ वाचतात, बोटांनी आकडे सांगतात, भुवयांनी विचारतात. घरी आल्यावरही नानांचं बोलणं शेडमधलंच, गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असं. नव्या माणसाला वाटे, हे रागावलेत. अलीकडे ते समोरच्याच्या तोंडाकडे एकटक बघत ऐकतात. “ऐकू येतंय रे,” ते म्हणतात, “पण तुम्ही सगळे पुटपुटलालाव.”

नानांचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, काढला तेव्हा त्यांच्या या वाक्याचा उलगडा झाला. आलेखातली रेघ खालच्या सुरांपाशी बरी चालत होती आणि चार हजार हर्ट्झच्या आसपास एकदम दरीत उतरत होती. यंत्रांच्या आवाजाने गेलेला कान ओळखायची ही खूण. ‘आ’, ‘ओ’ हे स्वर खालच्या सुरांत असतात, ते शाबूत राहतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांची सळसळ वरच्या सुरांत असते, ती आधी जाते. म्हणून नानांना प्रत्येकाचा आवाज येतो, पण ‘सात’ की ‘हात’ ते कळत नाही. माणूस पूर्ण बहिरा झाला तर जग त्याला सांभाळून तरी घेतं. शब्दांच्या कडा झिजलेल्या माणसाला मात्र सगळे विसरभोळा किंवा हट्टी समजतात.

त्या दरीत नेमकं काय कोसळलं, हे शोधायला मी वाचू लागलो. वाचत वाचत कारखान्यापासून खूप मागे गेलो, माणसाच्या जन्मामागे आणि मग माणसाच्याही मागे.

गर्भ तीन आठवड्यांचा होतो तेव्हा त्याची लांबी दोन-तीन मिलिमीटर असते. त्याला चेहरा नसतो, हातपाय नसतात, हृदयाची पहिली धडधड नुकती सुरू होत असते. त्याच सुमारास भावी मेंदूच्या मागल्या भागाच्या दोन्ही अंगांना, बाहेरच्या कातडीवरचा एकेक ठिपका जाड होऊ लागतो. कानाची सुरुवात एवढीच. शेजारचा मेंदू रसायनं पाझरून त्या ठिपक्याला खुणावतो. ठिपका आत खचतो, त्याचा खळगा होतो, खळग्याचं तोंड मिटतं, आणि चौथा आठवडा सरता सरता कातडीखाली एक बंद पिशवी तयार होते. पुढचा सगळा अंतर्कर्ण या पिशवीतून घडतो. तिच्या वरच्या भागातून तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका निघतात, आणि खालच्या भागातून एक बारीक फुगवटा लांबत, वळत, वेढे घेत ऐकण्याचा शंखासारखा अवयव, कॉक्लिया, होतो. दहाव्या आठवड्याच्या आसपास त्याचे अडीच वेढे पुरे झालेले असतात.

या सगळ्यात मला सर्वांत विस्मय वाटला तो चेतापेशींचा. शाळेतल्या आकृत्या पाहून मनात बसलेलं असतं की तंतू मेंदूतून निघतात आणि अवयवांना जाऊन भेटतात. कानाच्या बाबतीत तसं नाही. ऐकण्याच्या आणि तोलाच्या चेतापेशी मेंदूतून येतच नाहीत. त्या याच पिशवीच्या भिंतीतून सुटून बाहेर पडतात, बाजूला घोळका करून थांबतात, आणि मग प्रत्येक पेशी दोन टोकांनी वाढू लागते. एक टोक मेंदूच्या देठाकडे जातं, दुसरं मागे वळून जिथून आली त्याच भिंतीकडे. म्हणजे ऐकणारा अवयव आणि ऐकलेलं पोचवणारी वाट, दोन्ही कातडीच्या एकाच ठिपक्याची लेकरं. आवाज ऐकणं हा मुळात स्पर्शच आहे असं कोणी म्हणालं तर ती कविकल्पना समजू नये. गर्भशास्त्र त्याच्या बाजूने साक्ष देईल.

आणि या चेतापेशी सुटतात तेव्हा ज्यांचं ऐकायचं त्या केशपेशी, म्हणजे डोक्यावर बारीक केस असलेल्या, आवाज टिपणाऱ्या पेशी, अजून जन्मलेल्याही नसतात. भिंतीतल्या पेशींमध्ये न्यूरोजेनिन-१ हे जनुक आधी जागं होतं आणि त्यातून चेतापेशी होतात. कित्येक आठवड्यांनी कॉक्लियात एटोह-१ हे दुसरं जनुक जागं होतं, तेव्हा केशपेशी घडायला लागतात. मागावर आधी ताणा भरतात. बाण्याचा एक धागाही नसताना उभे धागे एका बीमपासून दुसऱ्यापर्यंत ताणून तयार असतात, आणि मगच धोटा फिरू लागतो. कानातही निसर्ग आधी ताणा भरतो. अजून नसलेल्या पेशींसाठी त्याने तंतू ओढून ठेवलेले असतात.

ताणलेले तंतू तगून राहतात ते कशावर, याची गोष्ट शोधताना एका बाईंचं नाव येतं. रीटा लेव्ही-मोंटाल्चिनी. ज्यू म्हणून मुसोलिनीच्या इटलीत विद्यापीठाचं दार बंद झालं तेव्हा त्यांनी तुरिनच्या घरातल्या झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली आणि कोंबडीच्या अंड्यांतले गर्भ तपासत राहिल्या. चेतापेशींना जगवणाऱ्या रसायनाच्या शोधासाठी १९८६ साली त्यांना नोबेल मिळालं. कमी लोकांना ठाऊक असलेलं त्यांचं एक काम १९४९ सालचं आहे. कोंबडीच्या गर्भातलं कानाचं बीज काढून टाकलं तर मेंदूतल्या ऐकण्याच्या केंद्रांचं काय होतं, हे त्यांनी पाहिलं. केंद्रं आधी आपापली वाढत राहिली. पुढे कानाकडून यायचे ते तंतू आलेच नाहीत, तेव्हा त्यांतली काही खंगू लागली. वाढायला कोणाची गरज लागली नाही, टिकायला लागली.

नंतरच्या संशोधकांनी कानाच्या बाबतीत अशी दोन रसायनं नावानिशी ओळखली, बीडीएनएफ आणि एनटी-३. कानातल्या पेशी ती पाझरतात. तंतू त्यांच्या मागाने येतात आणि त्यांच्यावरच जगतात. ही दोन्ही नसलेली उंदराची पिल्लं जन्माला घातली तर त्यांच्या कानाच्या चेतापेशी तग धरत नाहीत. एकाच कातडीतून वेगळी झालेली ही दोन भावंडं पुन्हा भेटतात आणि मग एकमेकांना सोडत नाहीत. नानांच्या आलेखातली दरी समजून घ्यायला मला हीच गोष्ट पुढे उपयोगी पडली.

गर्भाच्या पाचव्या-सहाव्या महिन्यात अंतर्कर्णाचा हाडाचा कोट मोठ्या माणसाएवढा झालेला असतो. बाकीचं शरीर अजून कितीतरी वाढायचं असतं, पण तो कोट तेव्हाच पूर्ण मापाचा. त्यानंतर तो आयुष्यभर वाढत नाही. सहाव्या महिन्याच्या उत्तरार्धात बाळ आवाजाने दचकू लागतं. आईच्या पोटाची भिंत आणि पाणी वरचे सूर अडवतात, खालचे सूर मात्र आत झिरपतात. आईचा आवाज पोचतो, तिच्या रक्ताची लय पोचते, आणि घर मागाच्या भिंतीला लागून असेल तर मागाचे खालचे ठोकेही पोचतात. पूर्व भागातल्या कितीतरी लेकरांनी आईच्या आवाजाबरोबर पहिल्यांदा ऐकलं असेल ते मागालाच.

पण ऐकणं हे कानाचं पहिलं काम नव्हे. ते त्याला फार उशिरा मिळालेलं काम आहे. पहिलं काम तोल.

हे पटवून घ्यायचं असेल तर जानेवारीत सोलापूरला यावं. संक्रांतीच्या सुमाराला सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते, आम्ही तिला गड्डा म्हणतो. पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी उंच, जड नंदीध्वज कमरेशी पेलून शहरभर अडुसष्ट लिंगांच्या वाटेने फिरतात. सात नंदीध्वज, हलग्यांचा कडकडाट, दोन्ही बाजूंनी रेटणारी गर्दी, आणि ‘हर्र बोला हर्र’चा गजर. ध्वजाचं टोक जरासं कललं की खालचा माणूस पाऊल तसं टाकतो. ते टोक कललं हे त्याला विचार करून कळत नाही. त्याच्या कानामागच्या हाडात, एकमेकींशी काटकोनात बसवलेल्या तीन नलिकांमध्ये पाणी असतं. डोकं वळलं की ते पाणी मागे रेंगाळतं आणि नलिकेच्या बुडाशी असलेल्या केशपेशींचे केस वाकवतं. त्याखालच्या दोन पिशव्यांमध्ये चुनखडीच्या बारीक स्फटिकांचा थर केसांवर बसलेला असतो. खाली कुठे आणि वर कुठे, चालतो आहोत की थांबलो आहोत, हे तो थर सांगतो. निरोप डोळ्यांच्या स्नायूंपर्यंत सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यात पोचतो, म्हणून पाऊल हलतं तरी टोकावरची नजर हलत नाही. मानकऱ्यांचा महिनोन्‌महिन्यांचा सराव म्हणजे या जुन्या यंत्राला नव्या ओझ्याची ओळख करून देणं.

आणि ते यंत्र जुनं म्हणजे किती जुनं? जबडा नसलेल्या माशांची दोन घराणी आजही समुद्रात आहेत. त्यांतल्या हॅगफिशला कानात एकच अर्धवर्तुळाकार नलिका असते, लॅम्प्रीला दोन. जबडा असलेल्या सगळ्या प्राण्यांना, शार्कपासून माणसापर्यंत, तीन. चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या चिलखती माशांच्या दगड झालेल्या कवट्यांत दोन नलिकांचे ठसे स्पष्ट दिसतात. स्वीडनच्या एरिक स्टेन्सिओ यांनी १९२०च्या दशकात अशा कवट्या थराथराने घासून आतल्या पोकळ्यांचे आराखडे काढले. कॉक्लियाचा तेव्हा पत्ताही नव्हता. हालचाल ओळखायची, वर-खाली ओळखायचं, बुडायचं नाही, एवढ्यासाठी कान होता.

केशपेशी तर त्याहूनही जुन्या. माशाच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ दिसते. उजनी धरणाच्या काठावर मासे निवडताना ती कोणालाही पाहता येईल. त्या रेघेत खवल्यांखाली केशपेशींचे पुंजके असतात आणि पाण्याची सूक्ष्म हालचाल ते टिपतात. आपल्या कानातल्या केशपेशी आणि माशाच्या अंगावरच्या, दोन्ही एकाच घराण्यातल्या. गर्भात त्यांचे जाड ठिपकेही शेजारीशेजारीच उगवतात. आपण पाण्याबाहेर आलो, अंगावरची रेघ गेली, आत वळलेली पिशवी तेवढी उरली. आत पाणी भरून ठेवल्याशिवाय तिचं काम आजही चालत नाही. भीमेच्या पाण्यातला मासा अंगाने ऐकतो. आपण ते पाणी कवटीत घेऊन फिरतो.

उजनीतले रोहू, कटला, मृगळ यांची आणखी एक गंमत आहे. त्यांच्या पोटातली हवेची पिशवी आवाजाने थरथरते आणि तो थरथराट कण्याच्या मणक्यांपासून बनलेल्या इवल्या हाडांच्या साखळीने अंतर्कर्णापर्यंत जातो. जर्मनीच्या एर्न्स्ट वेबर यांनी ही साखळी १८२० साली दाखवून दिली. त्याच पाण्यातल्या चिलापीला ही सोय नाही, त्यामुळे तिचं ऐकणं रोहूच्या मानाने बेताचं. म्हणजे निसर्गाने हाडांची साखळी जोडून कान तीक्ष्ण करायची युक्ती किमान दोनदा वापरली. माशांमध्ये कण्याची हाडं घेतली. आपल्या घराण्यात त्याने जबडा मोडून हाडं काढली.

ही जबड्याची हकिकत कार्ल राइशर्ट यांनी १८३७ साली डुकराच्या गर्भांवरून उलगडली आणि पुढे जीवाश्मांनी ती पुरी केली. आपल्या मधल्या कानात तीन हाडं असतात, हातोडा, ऐरण आणि रिकीब. रिकीब पूर्वी माशाच्या जबड्याला टेकू द्यायची. हातोडा आणि ऐरण म्हणजे सरपटणाऱ्या पूर्वजांच्या जबड्याचा सांधा. अंगणातल्या सरड्याच्या जबड्यात तो सांधा आजही त्याच दोन हाडांचा आहे. आपल्या पूर्वजांचा जबडा हळूहळू एकाच हाडाचा झाला, सांधा दुसरीकडे बसला, आणि मोकळी झालेली दोन हाडं बारीक होत कानाकडे सरकली. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीतल्या सिरोंचाच्या बाजूला पसरलेल्या प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात, ज्युरासिक काळातल्या कोटा थरांमध्ये अतिप्राचीन सस्तन प्राण्यांचे दात सापडले आहेत. त्यांतल्या एकाचं नाव कोटाथेरियम. त्या काळातले सस्तन प्राणी चिचुंद्रीएवढे, बहुधा रात्रीच हिंडणारे, किडे खाणारे. डायनोसोरांच्या पायांखाली, अंधारात पाचोळ्यातल्या किड्याची बारीक सळसळ ज्याला ऐकू येईल तो पोट भरणार. वरचे सूर ऐकण्याची आपली देणगी त्या भुकेतून आलेली आहे. नानांच्या आलेखातली दरी आहे ती नेमकी या मुलखात. सस्तन प्राण्यांनी सर्वांत शेवटी कमावलेलं माग सर्वांत आधी नेतो.

कॉक्लियाचे वेढे हेही त्याच घराण्याचं देणं. अंडी घालणाऱ्या प्लॅटिपसचा कॉक्लिया जेमतेम वाकलेला असतो. बाकीच्या सस्तन प्राण्यांत तो लांबत गेला आणि कवटीत मावावा म्हणून गुंडाळला गेला. माणसाचा उलगडला तर साधारण पस्तीस मिलिमीटर भरतो. त्यात सुमारे साडेतीन हजार आतल्या केशपेशी एका रांगेत, आणि बाराएक हजार बाहेरच्या केशपेशी तीन रांगांत. तळाशी वरचे सूर, शेंड्याशी खालचे. तीसएक हजार तंतूंपैकी बहुतेक सगळे आतल्या रांगेला जोडलेले असतात. ऐकतात त्या आतल्या पेशी. बाहेरच्या तीन रांगा आवाजाच्या तालावर स्वतः आखडतात, सैल होतात आणि येणारा आवाज वाढवून आतल्यांच्या हाती देतात. त्यांच्या या हालचालीतून कान स्वतःही बारीक आवाज करतो. लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी १९७८ साली तो आवाज मायक्रोफोनने टिपला. निरोगी कान नुसता ऐकत नाही, हळूच बोलतोही, हे तेव्हा कळलं.

या पेशी घडवणाऱ्या एटोह-१ची कुळी माशीतही आहे. माशीच्याच गणातल्या डासाच्या मिशांच्या बुडाशी ऐकण्याचा अवयव असतो, मादीच्या पंखांचा सूर नर त्यावर टिपतो. माशीचं ‘एटोनल’ जनुक उंदरात घातलं तर उंदराच्या हरवलेल्या जनुकाचं काम ते करून दाखवतं, हे २००२ साली सिद्ध झालं. माशी आणि माणूस यांचा शेवटचा सामाईक पूर्वज पन्नास कोटी वर्षांहून अधिक जुना. तेवढं जुनं हस्ताक्षर आपण दोन्ही कानांत बाळगतो.

आता मागासमोर येऊ. धोटा एका टोकाला फटका खातो, ताण्यातून सुसाट जातो, दुसऱ्या टोकाला आदळतो, तिथून पुन्हा फटका. मिनिटाला शंभराहून अधिक वेळा. अशा पाच-पन्नास मागांच्या पत्र्याच्या शेडमध्ये आवाज सहज ९५ डेसिबलच्या वर जातो. आठ तासांच्या कामासाठी कायद्याने घातलेली मर्यादा ९० डेसिबलची आहे, आणि दर तीन डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. केशपेशीचे केस अणूच्या व्यासाएवढ्या हालचालीसाठी घडलेले. त्यांना पाचोळ्यातला किडा ऐकायचा होता. त्यांना आपण धोटा ऐकवतो, रोज, पाळीमागून पाळी. आधी बाहेरच्या रांगांतल्या पेशी मरतात, कॉक्लियाच्या तळाकडच्या. त्यांच्या जागी व्रण उरतो.

आमच्या शेडांच्या आढ्याला चिमण्यांची घरटी असतात. तोच खडखडाट त्यांच्याही कानांवर दिवसभर पडतो. पण १९८८ साली अमेरिकेतल्या संशोधकांच्या दोन गटांनी एकाच वेळी जाहीर केलं की कोंबडीच्या पिल्लांच्या आणि लाव्यांच्या कानातल्या मेलेल्या केशपेशींच्या जागी नव्या उगवतात, शेजारच्या आधारपेशी विभागून. मासे, बेडूक, पक्षी, सगळ्यांना हे जमतं. सस्तन प्राण्यांना कॉक्लियात जमत नाही. आढ्यावरच्या पाखराचा कान उद्या भरून निघू शकतो, खाली मागावर उभ्या माणसाचा नाही. सूर ओळखण्यात आपण सगळ्यांच्या पुढे गेलो आणि दुरुस्तीची सोय मागे ठेवून आलो.

चेतापेशींचं मरण त्याहून मुकं. बोस्टनच्या शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ साली उंदरांवर दाखवलं की मोठ्या आवाजानंतर ऐकणं पूर्ववत झाल्यासारखं वाटतं, चाचणीही ठीक येते, केशपेशीही शाबूत दिसतात, तरी त्यांच्याशी तंतूंचे जे सांधे असतात त्यांतले निम्मे कायमचे तुटलेले असू शकतात. पुढे त्या सुट्या पडलेल्या चेतापेशी हळूहळू झिजतात. पाळी सुटल्यावर कानात गुणगुण आणि सकाळी सगळं ठीक, हा आमच्या गल्लीतला रोजचा अनुभव. सकाळी ठीक झालेलं असतं ते फक्त वरवरचं. लग्नाच्या गर्दीत नानांना शेजारच्याचं बोलणं वेगळं काढता येत नाही, ते अशा तुटलेल्या सांध्यांमुळेही असणार.

तरीही चेतापेशी केशपेशींइतक्या लवकर जात नाहीत. केशपेशी गेल्यावरही त्यांतल्या पुष्कळ वर्षानुवर्षं तगून राहतात, आणि कॉक्लियर इम्प्लांट उभं आहे ते त्यांच्याच भरवशावर. ऑस्ट्रेलियाचे ग्रॅम क्लार्क १९७७ साली समुद्रकिनाऱ्यावर बसून शंखात गवताची पाती सरकवून पाहत होते. बुडाशी ताठ आणि टोकाशी लवचीक असलेलं पातं वेढ्यांत खोलवर जातं हे त्यांना दिसलं, आणि कॉक्लियात घालायच्या तारेचा प्रश्न सुटला. ती तार मेलेल्या केशपेशींना वगळते आणि सरळ तंतूंना जागं करते. मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांनी ही शस्त्रक्रिया आपल्याकडे रुजवली. जन्मतः बहिऱ्या मुलाला ती जितकी लवकर मिळेल तितकी फळते, कारण कानाकडून काहीच न आलेलं मेंदूतलं केंद्र दुसऱ्या कामाला लागतं. कानाकडून काही आलं नाही तर केंद्र जसंच्या तसं टिकत नाही, हे लेव्ही-मोंटाल्चिनींना कोंबडीच्या गर्भात दिसलं होतं, ते आपल्या लेकरांतही खरं आहे. तीन-साडेतीन वर्षांच्या आत तार बसली तर मूल बोलू लागण्याची आशा मोठी, सात वर्षांनंतर ती झपाट्याने घटते.

दर हजार जन्मांत एक-दोन बाळं जन्मतः बहिरी असतात. आमच्याकडे मामाच्या मुलीशी, कधी भाचीशी लग्न करायची रीत जुनी आहे. कनेक्सिन-२६ या जनुकातला दोष बहुतेक वेळा आई आणि वडील दोघांकडून आला तरच बाळ बहिरं होतं, आणि नात्यातल्या लग्नात तो दोघांकडे असण्याचा संभव वाढतो. कोणाला दोष द्यायला हे सांगत नाही. अशा घरात बाळ जन्मलं तर चाचणी टाळू नये, एवढ्यासाठी सांगतो. चाचणी सोपी आहे. केम्प यांनी टिपलेला तो कानाचा बारीक आवाजच त्यात ऐकतात. झोपलेल्या बाळाच्या कानात एक छोटी नळी, काही मिनिटं, सुई नाही, भूल नाही. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय, हा जगभरचा दंडक. इम्प्लांट महाग असतं हे खरं, पण केंद्राच्या ॲडिप योजनेतून लहान मुलांना मदत मिळते, आणि मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ पासून याच कामासाठी आहे. “उशिरा बोलेल, आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात,” असं म्हणत थांबू नये.

मागांवरच्या माणसांसाठी सांगायचं ते याहून साधं आहे. आवाजामुळे येणारा बहिरेपणा कायद्याने नोंद करायच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे. बोट तुटलं तर त्याची नोंद होते, भरपाई मागता येते. कान तुटला तर त्याला वय झालं म्हणतात. हे थांबायला हवं. नव्या कामगाराचा ऑडिओग्राम पहिल्या दिवशी काढावा आणि पुढे दरवर्षी. तो नसेल तर म्हातारपणी काहीच सिद्ध करता येत नाही. फोमचे बोळे चहाच्या एक-दोन कपांच्या किमतीत मिळतात आणि नीट बसवले तर वीसएक डेसिबल आवाज अडवतात. “बोळे घातले तर धागा तुटलेला कसा कळणार?” असं नानांच्या बरोबरीची माणसं विचारतात. माग बोळ्यांतूनही ऐकू येतो. उलट कान शाबूत राहिला तर मागाचा बदललेला सूर आणखी वीस वर्षं कळत राहील.

नानांच्या गेलेल्या केशपेशी परत येणार नाहीत. त्यांना श्रवणयंत्र लागलं आहे, आणि आम्ही त्यांच्यासमोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोलतो. पण आज संध्याकाळच्या पाळीला जो पोरगा पहिल्यांदा मागावर उभा राहील, त्याच्या एकेका कानातल्या पंधराएक हजार केशपेशी आणि तीसएक हजार तंतू अजून जागच्या जागी आहेत. मागमालकांनो, त्याला पगाराआधी बोळे द्या. आणि बाबा रे, तूही ते खिशात ठेवू नकोस, कानात घाल.